अटकळीची जमा

जालन्यास आमच्या घरी रात्री 'कौन बनेगा करोडपती' पाहताना प्रत्येकाने आपापले उत्तर द्यावयाचे आणि त्याचा हिशेब भाच्याच्या संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये मांडावयाचा, असा परिपाठ आहे. भाचा संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेची तयारी करीत असल्यामुळे या खेळाकडे आम्ही अभ्यासाचे एक अंग म्हणून पाहतो, आणि म्हणूनच त्या हिशेबातून जे उमगले ते अशा तयारीत गुंतलेल्या इतर घरांच्याही उपयोगी पडावे, अशी मनःपूर्वक इच्छा आहे.

प्रारंभी बरोबर उत्तरापुढे त्या प्रश्नाची बक्षिसाची रक्कम जमा धरण्याचा शिरस्ता होता. २००० साली ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिल्या प्रश्नास १,००० रुपयांपासून पंधराव्यास १ कोटीपर्यंत जी चढती श्रेणी होती, तिच्यातील पहिल्या चौदा रकमांची बेरीज १ कोटी ३१ हजार भरते. अर्थात शेवटच्या प्रश्नावर सहज लागलेली एक अटकळ चौदा प्रश्नांच्या व्यासंगाची जवळजवळ बरोबरी करते आणि ताळेबंदात अज्ञानही शिलकी दिसू लागते.

यास्तव रक्कम सोडून गुण धरावेत. बरोबर उत्तरास एक गुण, चुकीच्या उत्तरास एक तृतीयांश गुणाची वजावट आणि न दिलेल्या उत्तरास शून्य, हा आयोगाच्या पूर्वपरीक्षेचा दंडक येथेही लावावा. कारण चार पर्यायांतून डोळे मिटून निवड करणाऱ्याचे सरासरीने एक उत्तर बरोबर येते व तीन चुकतात, आणि मिळालेला गुण वजावटीत पुरता फिटतो.

उत्तराची नोंद स्पर्धकाने आपले उत्तर पक्के करण्यापूर्वीच रुजू करावी आणि लगतच्या रकान्यात प्रामाणिक शेरा लिहावा. समर्थ रामदासांचे जन्मस्थान घनसावंगी तालुक्यातील जांब, हे आमच्याकडचे लेकरूही सांगते, ते 'ठाऊक'. जालना जिल्ह्याच्या स्थापनेचे वर्ष ओळखताना निजामी अमदानीतली वर्षे गाळून १९८१ वर येणे, हा 'तर्क'. बाकी सारी 'अटकळ'. गुणांच्या रकान्यात मात्र निव्वळ अंक असावा. त्यास 'गुण' हा शब्द जोडला की स्प्रेडशीट त्या नोंदीस मजकूर समजते आणि बेरजेचे सूत्र ती निमूटपणे गाळते, म्हणून अधूनमधून हाताने पडताळा घ्यावा.

महिनाअखेर एकूण गुणांपेक्षा शेऱ्यांचा रकाना आधी वाचावा. भाच्याच्या दप्तरात भूगोलापुढे बहुधा 'ठाऊक' आणि राज्यघटनेपुढे वारंवार 'अटकळ' आढळली, तेव्हा पुढील महिन्याचा अभ्यास कोठून आरंभावा, याविषयी घरात दुमत उरले नाही.