आकाशदीपाची टोपली

कोजागिरी पौर्णिमा सरली की काशीच्या पंचगंगा घाटावर उंच बांबू उभे राहू लागतात. दिवेलागणीला दोरीच्या साहाय्याने प्रत्येक बांबूच्या टोकाशी एक लहानशी विणलेली टोपली चढविली जाते आणि तिच्यात दिवा तेवत राहतो. हेच आकाशदीप. उत्तरेकडील पूर्णिमान्त गणनेप्रमाणे कार्तिक महिना कोजागिरीच्या दुसऱ्याच दिवशी सुरू होतो. त्यामुळे आपल्या पंचांगातील आश्विन वद्य पक्षापासून थेट कार्तिक पौर्णिमेपर्यंत हे दिवे तेथे लावले जातात. पितरांची वाट उजळावी, ही त्यामागील श्रद्धा. काशीचेच रहिवासी असलेल्या जयशंकर प्रसादांच्या ‘आकाशदीप’ या हिंदी कथेतील नायिकेची आई मात्र असा दिवा समुद्रावर गेलेल्या पतीसाठी लावीत असे.

या घाटाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. येथील बिंदुमाधवाचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारले, तर हजाराहून अधिक दिवे लावण्याची सोय असलेला ‘हजारा’ हा दगडी दीपस्तंभ अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जातो. दीपस्तंभाच्या कर्तीचे नाव सर्वांना ठाऊक आहे. टोपली विणणाऱ्याचे नाव विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

वास्तविक ही टोपली म्हणजे एक नेमके गणित आहे. वारा अडावा, पण उजेड अडू नये, असे तिचे दुहेरी काम. ते समजून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे स्वतः एक टोपली विणून पाहणे. बांबू फोडून त्याच्या पातळ कांबी काढणे हे वर्षांच्या सरावाचे काम असल्याने, नवशिक्यांच्या कार्यशाळांत बांबूऐवजी रंगविलेला जाड कागद घेता येतो. कागदाने बोटे कापत नाहीत आणि चुकलेली वीण उलगडता येते.

जलरंगासाठी वापरला जाणारा जाड कागद यास उत्तम. ५६ × ७६ सेंटिमीटरचा एक ताव मध्ये कापून ३८ × ५६ सेंटिमीटरचा अर्धा ताव घ्यावा. तो दोन्ही बाजूंनी रंगवावा, कारण विणल्यावर आतली बाजूही दिसते. अ‍ॅक्रिलिक रंग वाळल्यावर पाण्याने पुसला जात नाही, म्हणून तोच बरा. मात्र थर जाड झाल्यास घडीवर तडा जातो. कोणी घाटाच्या पायऱ्या रंगवितो, कोणी नदीवरची संध्याकाळ. आणि मग मार्गदर्शक सांगतात : आता हे चित्र कापा. येथे बहुतेकांचे हात थबकतात. तासभर खपून केलेल्या चित्राच्या दीड-दीड सेंटिमीटरच्या पट्ट्या करायच्या, हे मनाला सहज पटत नाही. अमेरिकेतील चेरोकी कलावंत शॅन गोशॉर्न (१९५७–२०१८) यांनी तर जुन्या करारांचा मजकूर आणि छायाचित्रे कागदावर छापून, त्यांच्या पट्ट्यांतून आपल्या समाजाच्या पारंपरिक विणीच्या टोपल्या घडविल्या. कापलेले पुन्हा जुळते. पण पूर्वीसारखे नव्हे.

अर्ध्या तावातून ५६ सेंटिमीटर लांबीच्या २५ पट्ट्या निघतात. त्यांतील १६ पट्ट्या ४० सेंटिमीटरच्या कराव्या आणि ८ उभ्या, ८ आडव्या अशा ‘एक वर, एक खाली’ या रीतीने मधोमध ओवून १२ सेंटिमीटरचे चौरस बूड तयार करावे. बूड सैल राहिले की पुढचे सारेच बिघडते, म्हणून पट्ट्या एकमेकींना भिडवून कपड्यांच्या चिमट्यांनी धराव्या. चारही बाजूंस उरलेली १४-१४ सेंटिमीटरची टोके पट्टी धरून वर मोडली की ३२ उभ्या पट्ट्यांचा सांगाडा होतो. त्यांतून ५१ सेंटिमीटरच्या ७ पट्ट्यांचे सात वेढे ओवावे. शेवटच्या दोन पट्ट्या काठाला, एक आतून व एक बाहेरून.

येथे एक गंमत आहे. बांबूची कांब अखंड फिरत वर चढते, तेव्हा उभ्या कांबींची संख्या विषम असावी लागते. सम असेल तर प्रत्येक फेरीत ती त्याच कांबींवरून जाते आणि वीण धरत नाही. कागदाचा प्रत्येक वेढा मात्र स्वतंत्र असतो. तो जुळण्यासाठी संख्या समच हवी आणि पुढचा वेढा एक घर सोडून सुरू करावा लागतो. चौथ्या वेढ्यावर हे विसरले, की पाचव्याला कळते!

तयार टोपलीत बॅटरीवरचा छोटा दिवा ठेवून पाहावा. कागदात पणती कदापि ठेवू नये. उजेड फक्त तोंडातून वर येतो, बाजू काळोख्याच राहतात. दुसऱ्या टोपलीत वेढे अरुंद घेऊन मध्ये बोटभर जागा सोडावी, तर ते खाली घसरतात आणि गोंदाने चिकटवावे लागतात. बांबूला हा गोंद लागत नाही. कांबीचा स्वतःचा ताणच विणीला जागेवर धरून ठेवतो. तशी कांब काढणे, हेच बुरुडाचे खरे भांडवल.

दुसरे भांडवल पैशाचे. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये बांबूची गणना वृक्षांत होती. त्यामुळे खासगी जमिनीवरचा बांबू तोडून नेण्यासही परवान्याची अडचण येत असे. २०१७ च्या दुरुस्तीने तो त्या व्याख्येतून वगळला गेला. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत टोपली विणणाऱ्यांचाही समावेश असून, तारणाविना पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद तीत आहे. कर्जदारासाठी व्याजदर ५ टक्के. आकाशदीपाच्या टोपलीची मागणी वर्षातून एकाच महिन्याची, आणि बांबू त्याआधी विकत घ्यावा लागतो. अशा कारागिराचा अर्ज शाखेत आला, तर पैसा नेमका कोणत्या महिन्यात लागणार आणि कोणत्या महिन्यात परत येणार, हे प्रथम विचारून घेतलेले बरे.