एका शनिवारची शिक्षा

चित्रपट हा बहुधा अल्पायुषी असतो. ज्या वर्षीं तो निघतो त्या वर्षीं तो सर्वांच्या तोंडीं असतो, आणि चार वर्षांनीं त्याचें नांवहि कोणास आठवत नाहीं. असें असतां १९८५ सालीं अमेरिकेंत निघालेला ‘द ब्रेकफास्ट क्लब’ हा शाळेवरील चित्रपट चाळीस वर्षें उलटून गेल्यावरहि मुलें आवडीनें पाहतात, आणि कित्येकांच्या आईबापांनींहि तो त्याच वयांत पाहिलेला असतो, हें कसें? त्यांत खून नाहीं, पाठलाग नाहीं, देखणीं स्थळें नाहींत. पांच मुलें एका ग्रंथालयांत दिवसभर बसून बोलतात, एवढेंच त्याचें कथानक. ह्या टिकाऊपणाचें कारण शोधण्याचा यत्न आम्हीं येथें केला आहे.

प्रथम अमेरिकेंतील हायस्कुलाविषयीं दोन शब्द. १९१० सालीं त्या देशांत अठरा वर्षांच्या वयाच्या मुलांपैकीं शेंकडा ९ च्या सुमारास मुलेंच हायस्कुलाचें शिक्षण पुरें करीत. १९४० सालीं हें प्रमाण शेंकडा ५० च्या आसपास गेलें. म्हणजे तीस वर्षांत हायस्कूल ही थोड्यांची वस्तु न राहतां सर्वांची झाली. सावकाराचा मुलगा आणि गवंड्याचा मुलगा एका छपराखालीं आले. एका छपराखालीं आले खरे, पण एका बांकावर बसले नाहींत. खेळाडूंचा घोळका निराळा, श्रीमंत मुलींचा निराळा, पुस्तकी किड्यांचा निराळा! (आमच्याकडील ‘अ’ तुकडी आणि ‘ड’ तुकडी ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्याचें फारसें नवल वाटणार नाहीं.) शाळेवरील अमेरिकन चित्रपटांचें पीक ह्या जमिनींत आलें आहे.

१९५५ सालीं ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ आणि ‘रेबेल विदाउट अ कॉज’ हे दोन प्रसिद्ध चित्रपट निघाले. दुसऱ्यांतील नायक जेम्स डीन हा चित्रपट लोकांपुढें येण्यापूर्वींच, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, मोटारीच्या अपघातांत वारला. दोन्ही चित्रपट चांगले आहेत. परंतु त्यांत तरुण मुलगा म्हणजे समाजापुढील एक संकट, अशा दृष्टीनें त्याच्याकडे पाहिलेलें आहे. मुलांचें दुःख त्यांत आहे, पण तें सुऱ्या आणि मोटारींच्या शर्यती यांच्या गोंगाटांत अर्धें बुडून जातें, असें आम्हांस वाटतें.

‘ब्रेकफास्ट क्लब’चे लेखक व दिग्दर्शक जॉन ह्यूज यांनीं हा गोंगाटच काढून टाकला. शिकागोजवळील नॉर्थब्रुक येथील हायस्कुलांत ते शिकले होते. ह्या गांवाचें जुनें नांव शर्मरव्हिल. त्यावरूनच त्यांच्या चित्रपटांतील कल्पित शर्मर गांव जन्मास आलें. चित्रणासाठीं त्यांनीं एक बंद पडलेली खरी शाळा घेतली आणि तिच्या व्यायामशाळेंत ग्रंथालय उभारलें. गोष्ट २४ मार्च १९८४ ची, शनिवारची. शिक्षेसाठीं पांच विद्यार्थी सकाळपासून दुपारपर्यंत शाळेंत डांबलेले आहेत. एक हुशार, एक कुस्तीगीर, एक तऱ्हेवाईक, एक जणूं राजकन्या आणि एक गुंड. एकमेकांस ते ह्याच शिक्क्यांनीं ओळखतात. ‘मी कोण आहें’ ह्या विषयावर एक हजार शब्दांचा निबंध लिहा, असें उपमुख्याध्यापक व्हर्नन त्यांस फर्मावून जातात.

पुढें कांहीं वेळ भांडणें, कुचेष्टा, गुपचूप सटकणें हें सारें होतें. तें मजेदार आहे. पण चित्रपट खरा सुरू होतो तो पांचही जण जमिनीवर बसून ‘तूं येथें कसा आलास’ हें एकमेकांस सांगूं लागतात तेव्हां. कुस्तीगीर अँड्रू यानें एका दुबळ्या मुलास खेळाच्या खोलींत धरून त्याची क्रूर विटंबना केलेली असते. ती त्यानें हौसेनें केली नाहीं. आपल्या बापास आपण मर्द वाटावें म्हणून केली. आणि आतां त्याच्या मनास खाणारी गोष्ट कोणती, तर त्या मुलानें घरीं जाऊन आपल्या बापास हें कोणत्या तोंडानें सांगितलें असेल! हुशार ब्रायन आयुष्यांत प्रथमच एका विषयांत नापास झाला आहे. हस्तव्यवसायाच्या तासाला त्यास हत्तीच्या आकाराचा दिवा करावयाचा होता. सोंड ओढली कीं दिवा लागावा, पण तो लागला नाहीं. एवढ्यावरून तो मुलगा जीव देण्याच्या विचारापर्यंत जाऊन पोंचला आणि त्याच्या कपाटांत पिस्तूल सांपडलें. तें इशाऱ्याचा जाळ उडविण्याचें पिस्तूल होतें, आणि तें कपाटांतच उडालें, हें कळतांच सर्वांस हंसूं फुटतें, ब्रायनहि हंसतो. नापास होण्याची भीति ज्यानें अनुभविली आहे त्या कोणत्याहि देशांतील विद्यार्थ्यास ह्या हंसण्यांत काय आहे तें सांगावें लागत नाहीं.

ह्याच बोलण्यांत ब्रायन हळूच एक प्रश्न विचारतो : सोमवारीं शाळा भरल्यावर आपण मित्र राहूं काय? श्रीमंत क्लेअर स्पष्ट सांगते कीं, नाहीं. ब्रायन तुझ्या मित्रांच्या देखत तुझ्याजवळ आला तर तूं बोलशील, पण मागाहून त्यांच्यांत त्याची टरच उडविशील, अशा आशयाचें ती अँड्रूस बोलते. गुंड बेंडर तिच्यावर खवळतो, ब्रायन रडकुंडीस येतो. आपण असें कधींहि करणार नाहीं, असें तो म्हणतो. तेव्हां त्याचे मित्र आमच्याकडे मान वर करून पाहतात, आमच्या मित्रांचें तसें नाहीं, हें क्लेअरचें उत्तर त्याला फारच लागतें. आम्हीं हा प्रसंग अनेकदां पाहिला आहे. प्रथम क्लेअरचा राग आला. पुढें वाटूं लागलें कीं, त्या पांचांत त्या क्षणीं खरें बोलण्याचें धैर्य तिलाच झालें. आमच्या मतें चित्रपटाचें आयुष्य ह्या एका प्रश्नावर अवलंबून आहे. साधारण लेखकानें येथें पांचांची गट्टी जमवून सोमवारचें गोड दृश्य दाखविलें असतें. ह्यूज यांनीं सोमवार दाखविलाच नाहीं. चार वाजतात, आईबापांच्या मोटारी येतात, बेंडर रिकाम्या मैदानावरून एकटा चालत जातो, आणि चित्रपट संपतो. त्याचा दुसरा भागहि त्यांनीं कधीं काढला नाहीं. २००९ सालीं ते वारले. त्यामुळें प्रश्न प्रत्येक पिढीच्या मुलांपुढें उघडाच राहिला आहे.

दोष पुष्कळ आहेत, आणि ते झांकण्याचें कारण नाहीं. पांचही मुलें गोरीं आहेत. तऱ्हेवाईक ॲलिसनला क्लेअर नटविते, केंस विंचरते, आणि मग अँड्रूची नजर तिच्याकडे वळते, हें आम्हांस चित्रपटाच्या एकंदर सुराशीं विसंगत वाटतें. ती होती तशीच कां पसंत पडूं नये? बेंडर क्लेअरचा जो असभ्य छळ करितो त्याबद्दल तर क्लेअरचें काम करणाऱ्या मॉली रिंगवॉल्ड यांनींच लिहिलें आहे. आपल्या मुलीबरोबर हा चित्रपट पुन्हां पाहिल्यावर २०१८ सालीं ‘न्यू यॉर्कर’ नियतकालिकांत त्यांनीं लेख लिहिला. ज्या चित्रपटानें आपणांस कीर्ति दिली त्यांतील वाईट त्यांनीं वाईट म्हटलें. आणि तरी त्यानें एकट्या पडलेल्या मुलांस दिलेला आधार खोटा होता असें म्हटलें नाहीं. असा न्याय करणें सोपें नव्हे. १९९५ चा ‘क्लूलेस’ आणि २००४ चा ‘मीन गर्ल्स’ हे नंतरचे चित्रपट अधिक चतुर आहेत. पहिला तर जेन ऑस्टिन यांच्या ‘एमा’ ह्या कादंबरीवरून रचलेला. परंतु त्यांत आम्ही हंसतों अधिक, थबकतों कमी.

असो. ज्यांस हा चित्रपट पाहण्याची संधि मिळेल त्यांनीं आरंभींच डोळे उघडे ठेवावे. रिकाम्या शाळेंतील एकेक वस्तु दिसत जाते, त्यांत मागील वर्षांच्या नामवंत विद्यार्थ्यांचीं छायाचित्रें आहेत. १९६९ चा ‘मॅन ऑफ द इयर’ म्हणून एका तरुणाचा चेहरा क्षणभर दिसतो. पुढें हाच कार्ल ग्रंथालयांत येतो. शाळेची झाडलोट तोच करतो. मुलें त्यास टोमणा मारतात आणि तो न चिडतां त्यांस उत्तर देतो. व्हर्नन त्याच्याजवळ तक्रार करतात कीं, वर्षागणिक मुलें बिघडत चाललीं आहेत. कार्ल त्यांस सांगतो कीं, मुलें आहेत तशींच आहेत, बदललां तुम्ही. हा कार्ल आणि तो छायाचित्रांतील मुलगा एकच, हें चित्रपटांत कोणीहि बोलून दाखवीत नाहीं.