संगणक शाखेपलीकडे: मधमाश्यांच्या व्यवस्थापनाचे शिक्षण

बारावीचा आणि प्रवेश परीक्षांचा निकाल हाती येताच पालक दरवर्षी तोच प्रश्न विचारतात, की संगणक अभियांत्रिकीला जागा मिळाली नाही तर पाल्याचे पुढे काय होणार; आणि या धास्तीपोटी जीवशास्त्रात रमणारा विद्यार्थीही कर्ज काढून, व्यवस्थापन कोट्यातून त्याच शाखेत ढकलला जातो. शेजारच्या मुलाचा पगार पाहून घेतलेला हा निर्णय पाल्यावर अन्याय करणारा आहे. वैद्यक, औषधनिर्माण, स्पर्धा परीक्षा या वाटा सर्वांना ठाऊक आहेत. मधुमक्षिकापालन मात्र मध विकण्याचा जोडधंदा म्हणून मोडीत काढले जाते.

वस्तुतः या क्षेत्राचा गाभा परागीभवनात, म्हणजे पराग फुलाफुलांत पोचून फळ व बी धरण्याच्या क्रियेत आहे, आणि एकच माशी सर्व पिकांना पुरत नाही. लसूणघासाच्या फुलावर माशी बसली की आतील केसरांचा दांडा उसळून तिच्यावर आपटतो, त्यामुळे पेटीतील मधमाशी बाजूने मकरंद काढून घेण्यास शिकते आणि परागीभवन टळते. म्हणून अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या टूशी खोऱ्यात या पिकाचे बियाणे घेणारे शेतकरी जमिनीत बिळे करणाऱ्या माश्यांसाठी क्षारयुक्त, ओलसर मातीचे वाफे मुद्दाम राखतात. जपानच्या आओमोरी प्रांतातील सफरचंद बागायतदार बोरूच्या पोकळ नळ्यांच्या जुड्या ठेवून त्यांत एकेकट्या राहणाऱ्या माश्या वाढवतात. टोमॅटोचे पराग फूल थरथरल्याशिवाय नीट सुटत नाहीत, त्यामुळे युरोपातील हरितगृहांत 1980च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बंबलबी या केसाळ माशीच्या वसाहती वापरल्या जातात. युकातानमधील माया लोक तर डंख नसलेल्या माश्या लाकडाच्या पोकळ ओंडक्यांत शतकानुशतके पाळत आले आहेत.

महाराष्ट्रातही हा भेद पायाभूत आहे, कारण अंधाऱ्या पोकळीत समांतर पोळी बांधणारी सातेरी पेटीत नांदते, उघड्यावर एकच मोठे पोळे बांधणारी आग्या नांदत नाही, आणि बाहेरून आणलेली मेलिफेरा मध अधिक देत असली तरी फुलोऱ्यामागे तिच्या पेट्या गावोगाव हलवाव्या लागतात. थाई सॅकब्रूड या अळ्यांच्या विषाणुजन्य रोगाने 1990च्या दशकाच्या आरंभी दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. अशा रोगांचे निदान, राणीमाशीची पैदास आणि बीजोत्पादनासाठी वसाहतींचे नियोजन ही प्रशिक्षित माणसाची कामे आहेत. त्यासाठी कृषी पदवीनंतर कीटकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणे हा भक्कम मार्ग होय, तर प्रत्यक्ष कौशल्यासाठी पुण्यात 1962 साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वरचे मध संचालनालय उपलब्ध आहेत.

मात्र अल्पमुदतीचे प्रशिक्षण उरकून पहिल्याच वर्षी पन्नास पेट्या विकत घेणे हा शुद्ध अविचार आहे, आणि घरबसल्या लाखोंचे उत्पन्न देऊ करणाऱ्या जाहिरातींवर विसंबून बचत मोडणाऱ्या पालकांना हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. कीटकनाशकाच्या एका अवेळी फवारणीने वसाहती मरतात, पावसाळ्यात त्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो आणि उत्पन्न हंगामी असते. पाल्याने एक पूर्ण फुलोरा अनुभवी मधपाळाच्या हाताखाली काम करावे, डंखाची तीव्र ॲलर्जी नाही याची डॉक्टरांकडून आधी खात्री करून घ्यावी, आणि त्यानंतरही त्याची ओढ टिकली तर पालकांनी प्रवेश अर्जावरील पसंतीक्रम त्याला स्वतः भरू द्यावा.