बनगावचे डॉक्टर

सन १९७१. बंगालमधल्या बनगावला निर्वासितांचे लोंढे आले. पटकीची साथ पसरली. दवाखान्यात खाटा पुरेनात. लेकरं जमिनीवर निजवलेली.

दिलीप महालनबीस हे मुलांचे डॉक्टर. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तेव्हा त्यांनी पाण्यात मीठ, ग्लुकोज साखर आणि खायचा सोडा मापानं मिसळला. पिंपं भरून ठेवली. घरच्या माणसांनाच पाजायला लावलं. लेकरू ओकलं, तरी थोडं थांबून पुन्हा घोट!

आपल्याकडं जुलाब लागले की पाणी तोडतात. लेकरू त्यानंच सुकतं.

छावण्यांत आधी १०० रोग्यांत ३० पर्यंत दगावत होते. हे पाणी पिणाऱ्यांत ४ सुद्धा नाही.

आज आरोग्य केंद्रात अशीच पुडी मिळते. किती पाण्यात कालवायची, ते तिच्यावर छापलेलं असतं. आता ते तुम्हांला वाचता येईल.