हलका कॅमेरा की हलकी सॅक?

प्रश्न : सह्याद्रीत आणि अधूनमधून हिमालयात माझी भटकंती चालू असते. आता ४×५ इंचांच्या फिल्मवर निसर्गचित्रं टिपायची आहेत. पाठीवर नेता येईल असा सर्वांत हलका लार्ज फॉरमॅट कॅमेरा कोणता?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नुसत्या वजनाचा प्रश्न असेल तर उत्तर सोपं आहे. इंग्लंडमधल्या ब्रायटनचा इंट्रेपिड हा बर्च प्लायवूडचा, घडी होणारा कॅमेरा साधारण सव्वा किलोचा असतो. पण तो घेतला म्हणजे सॅक हलकी झाली, असं मात्र होत नाही.

लार्ज फॉरमॅट म्हणजे हमाली, ही समजूत काचेच्या प्लेटांच्या काळातली. ॲन्सेल ॲडम्स १९२७ साली योसेमिटीतल्या हाफ डोमचा फोटो घ्यायला डोंगर चढले, तेव्हा साडेसहा बाय साडेआठ इंचांचा कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा पाठीवर होत्या. गाजलेलं चित्र मिळालं ते उरलेल्या शेवटच्या प्लेटवर. आता काच गेली, फिल्म आली. ४×५ची एक शीट ३५ मिमीच्या फ्रेमपेक्षा क्षेत्रफळाने सुमारे तेरापट मोठी, तरी वजनाला नगण्य.

मग वजन येतं कुठून? फिल्म होल्डरमधून. एका होल्डरमध्ये दोनच शीट बसतात, त्यामुळे बारा फोटोंसाठी सहा होल्डर, म्हणजे जवळपास किलोभर. ट्रायपॉड दीड-दोन किलोंचा. शिवाय लेन्स, लाइट मीटर, भिंग, काळं कापड. सगळं मिळून पाच किलोंच्या घरात जातं आणि त्यात कॅमेऱ्याचा वाटा जेमतेम पाव असतो. म्हणून कॅमेऱ्यात दोनशे ग्रॅम वाचवण्यासाठी जीव टाकू नका.

लेन्समध्ये मात्र खरी बचत आहे. २१० मिमी एफ/५.६ची नेहमीची लेन्स साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरते. निकॉर-एम २०० मिमी एफ/८ फक्त १८० ग्रॅमची. मोठ्या छिद्राची लेन्स अधिक चांगली, हा समज इथे लागू पडत नाही. निसर्गचित्र बहुधा एफ/२२ वर घेतलं जातं. एफ/८ मुळे ग्राउंड ग्लासवरचं उलटं चित्र थोडं अंधूक दिसतं, एवढंच.

म्हणून आधी लेन्स ठरवा, कॅमेरा नंतर. दूरच्या दृश्यासाठी १५० मिमी लेन्सला बेलोज (लेन्स आणि फिल्ममधला घडीचा भाता) साधारण १५० मिमी उघडावा लागतो. एखादं फूल त्याच्या मूळ आकाराएवढं टिपायचं तर ३००. इंट्रेपिडसारख्या हलक्या कॅमेऱ्याचा बेलोज साधारण ३०० मिमीपर्यंतच ताणतो. तेव्हा ३०० मिमीची लेन्स हवी असेल, तर लांब बेलोजचा, लाकूड आणि कार्बन फायबरचा शामोनी बघा. त्याचं वजन दीड किलोच्या आत-बाहेर. मोनोरेल कॅमेरे स्टुडिओतच शोभतात. सॅकमध्ये त्यांची अडचणच होते.

समोरचा लेन्सबोर्ड पुढे झुकतो का, हे दुकानातच तपासा. पायाशी सोनकी आणि मागे दूरचा कडा, दोन्ही स्पष्ट हवेत तर हा झुकाव फार कामी येतो, कारण स्पष्टतेची पातळी फुलांपासून कड्याकडे आडवी पसरते. थिओडोर शाइमफ्लुग या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो. त्या पातळीच्या वर डोकावणाऱ्या झाडासाठी मात्र छिद्र बारीकच करावं लागतं.

आता वारा. ताणलेला बेलोज शिडासारखा हवा धरतो आणि कॅमेरा जितका हलका तितका जास्त हलतो. कोकणकड्याच्या काठावर पहाटे अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर देऊन बघा, लगेच कळेल. त्यामुळे ट्रायपॉडमध्ये काटकसर करू नये, असं माझं ठाम मत आहे. सॅक ट्रायपॉडला लटकवली तर ती जमिनीला टेकलेली असू द्या. अधांतरी झुलली की उलट हादरे देते.

विमानप्रवासात फिल्म हातातल्या बॅगेतच ठेवा आणि हाताने तपासण्याची विनंती करा. नव्या सीटी स्कॅनरने फिल्म धुरकट होते. डबा उघडायचा नाही, हे त्यावर ठळक लिहून ठेवलेलं बरं.

पैसे मोजण्यापूर्वी एक करा. नेहमीच्या सामानाबरोबर आणखी पाच लिटर पाणी सॅकमध्ये भरा आणि नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढा. वर पोचल्यावर तासभर उभं राहून काम करण्याची ताकद उरली, तर शामोनी आणि तीनशेची लेन्स खुशाल घ्या. नाहीतर इंट्रेपिड, निकॉर-एम २०० आणि चारच होल्डर.