आधी दाखला, मग अर्ज

बार्शी
८ डिसेंबर २०२५

चि. सौ. छकुलीस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, शाळेचे फॉर्म निघू देत, मग बघू." त्या एका वाक्यासाठी हे पत्र. फोनवरचं बोलणं तुझ्या लेकाच्या, सोन्याच्या, गडबडीत निम्मं विरून जातं. लिहिलेलं कपाटाला आतून चिकटवता येतं आणि जावईबापूंनाही वाचायला देता येतं.

माझी नोकरी शाळेच्या कचेरीत गेली. शेवटच्या तारखेला खिडकीशी रडवेले होऊन उभे राहणारे आईबाप मी पुष्कळ पाहिले. त्यांतले अर्ज भरायला विसरलेले थोडेच. बहुतेकांचा एखादा दाखला यायचा राहिलेला असे. अर्ज अर्ध्या तासात भरून होतो. त्याच्या मागचे कागद जमवायला आठवडे लागतात. ताणा लागल्याशिवाय धोटा चालत नाही, हे सोलापूरकरणीला मी काय सांगावं!

शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) पंचवीस टक्के जागांसाठी चालू वर्षाचे अर्ज गेल्या जानेवारीत १४ ते २७ तारखेदरम्यान घेतले, मग २ फेब्रुवारीपर्यंत मुदत वाढवली. तू यंदाही जानेवारीच धरून चाल. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरलेली असताना सोलापुरात कुठलं काम वेळेवर होतं, ते तुला ठाऊक आहे. मुदतवाढ मिळेल या भरवशावर तर मुळीच राहू नकोस. आरटीईत सोन्यासारखं दिव्यांग मूल वंचित गटात धरतात, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला लागत नाही. लागतं ते निदान चाळीस टक्क्यांचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र. ते अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीचं असावं लागतं. सोडतीत नंबर लागूनही पडताळणीत प्रवेश हुकतो तो बहुधा अशाच कागदापायी.

म्हणून प्रमाणपत्राचं काम या आठवड्यात हाती घे. दिव्यांग ओळखपत्राच्या 'स्वावलंबन' संकेतस्थळावर सोन्याची नोंदणी कर आणि रुग्णालय म्हणून आपलं सिव्हिल निवड. तपासणी कोणत्या वारी असते, ते आधी विचार, म्हणजे त्याला उचलून रिकामा हेलपाटा पडणार नाही. जन्मापासूनचे सगळे कागद बरोबर ने: काचेच्या पेटीत ठेवलं होतं तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड, मेंदूचा एमआरआय, फिजिओथेरपीच्या नोंदी. डॉक्टरांसमोर त्याला जे जमत नाही ते स्पष्ट सांग. आईला वाटतं, चारचौघांत पोराचं कौतुकच सांगावं. तिथे मात्र चमचा धरता येत नाही, आधाराशिवाय बसता येत नाही, हेच सांगायचं. टक्के त्यावरून ठरतात. कमी लागले असं वाटलं, तर निर्णयापासून नव्वद दिवसांत अपील करता येतं. ओळखपत्राचं कार्ड पांढरं आलं तर चाळीसच्या खाली, पिवळं आलं तर चाळीस ते ऐंशीच्या आत, निळं आलं तर ऐंशी किंवा वर. त्यावर मुदत घातली असेल तर ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव.

सासूबाईंचं म्हणणं तू सांगितलंस. पोराच्या कपाळी शिक्का नको, दोन वर्षांत चालायला लागेल, असं त्यांना वाटतं. त्यांच्याशी वाद घालू नकोस. नातवावरच्या मायेनंच त्या बोलतात. इतकंच सांग की दाखला काढला म्हणून व्यायाम थांबत नाही. उद्या तो चालू लागला तर फेरतपासणी होईल, टक्के उतरतील, आणि आपण सगळे पेढे वाटू. पण चालायला लागेपर्यंतची वर्षंही त्याचीच आहेत. त्या वर्षांत शाळा हवी, औषधपाणी हवं, परीक्षेत जादा वेळ हवा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगता आहे, सोन्याची सेरेब्रल पाल्सी त्यातच येते. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्याच कायद्यानं दिलाय. तेव्हा सोडतीत नाव नाही आलं तरी जवळच्या महापालिकेच्या शाळेचं दार उघडं आहे. शाळांची नावं भरताना नुसत्या इंग्रजी पाटीला भुलू नकोस. पहिलीचा वर्ग तळमजल्यावर आहे का, संडासापर्यंत त्याला नेता येईल का, बाई मुलांशी कशा बोलतात, हे स्वतः जाऊन पाहा. अर्जातल्या नकाशावर घराची खूण मात्र नेमक्या जागी कर. अंतर त्यावरूनच धरतात.

दुसरी मुदत ३१ मार्चची. निरामय ही राष्ट्रीय न्यासाची आरोग्य विमा योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी आहे. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, विम्याआधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि थेरपीच्या खर्चालाही त्यात जागा आहे. तिचं वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपतं, म्हणून दरवर्षी नूतनीकरण आलंच. आता थेरपीला जे देतेस त्याची पावती मागायची सवय लाव. चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलेला आकडा विमा कंपनी मानत नाही.

संजय गांधी निराधार योजनेबद्दल तुझ्या शेजारणीनं सांगितलं, ते अर्धं खरं आहे. दिव्यांगांचं अनुदान ऑक्टोबरपासून महिना अडीच हजार झालंय. पण दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पन्नास हजार आहे. जावईबापूंची कारखान्यातली मजुरी धरली तर तुम्ही तीत बसत नाही. कुणी म्हणेल, "दाखल्यावर कमी दाखवून देतो, पाचशे द्या." त्याला दारातूनच परत पाठव. एकदा खोटा कागद लावला की पुढे प्रत्येक ठिकाणी तोच आकडा सांभाळावा लागतो, आणि चौकशी झालीच तर सोन्याच्या खऱ्या कागदांकडेही लोक संशयानं बघतात. जे आपलं आहे ते पुरेसं आहे. ते मात्र पूर्ण घे, लाजू नकोस. साहेबांपुढे हात जोडून उभी राहू नकोस. अर्ज दे, पोच घे, पोचेवर शिक्का आणि तारीख बघ.

आता घरातलं काम. सोन्याला पाच पूर्ण झालीत, म्हणजे बाल आधार अद्ययावत करायला हवं; आता ठसे घेतात. त्याची मूठ उघडत नाही, हे केंद्रावर आधीच सांग, नाहीतर ओढाताणीत पोर घाबरेल. जन्मदाखला, आधार आणि रेशनकार्ड शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर ताडून पाहा. एकात 'आण्णा' आणि दुसऱ्यात 'अण्णा' एवढ्यावरही अर्ज अडतो. दुरुस्ती असेल तर आधी तीच उरक. मूळ कागद एका फायलीत, झेरॉक्स दुसरीत, आणि सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये. मूळ प्रत कुणाच्याही हाती सोडू नकोस.

आणि हे सगळं एकटीनं ओढू नकोस. जावईबापूंना एक दिवस खाडा करून तपासणीला यायला सांग. पोराला कडेवर घेऊन त्या रांगेत उभं राहणं काय असतं, हे बापालाही कळायला हवं. मजुरी बुडते हे मला माहीत आहे, पण हुकलेला प्रवेश परत मिळवायला त्याहून जास्त खाडे लागतील. थेरपीला तुझ्याबरोबर बसणाऱ्या आयांनाही विचार, कुणाकुणाचा दाखला झालाय. न झालेल्यांना घेऊनच जा. चार जणी मिळून गेल्यात की माहिती लवकर मिळते आणि धीरही येतो.

तपासणीची तारीख कळली की फोन कर, मी आदल्या रात्री मुक्कामाला येतो. तोवर फायलीसाठी प्लास्टिकचं पाकीट आण आणि नोंदणी करून टाक.

सासूबाईंना नमस्कार, सोन्याला पापा.

तुझा,
मामा