पडद्यावरचा संघ आणि संघातील माणूस

मोबाइल व संगणकावरील बंदुकीच्या खेळांविषयी बोलताना आपण बहुधा दोनच गोष्टींची चर्चा करतो : त्यात खर्ची पडणारा वेळ आणि त्यात दिसणारी हिंसा. दोन्ही चिंता रास्त आहेत. परंतु या खेळांचे तिसरे अंग आपल्या नजरेतून निसटते. स्पर्धात्मक स्वरूपाचे हे खेळ प्रामुख्याने संघाने खेळले जातात. आणि जेथे संघ आहे तेथे समाज आहे, त्याच्या रीती आहेत, मानपान आहे, उपकार आहेत आणि अन्यायही आहे. प्रस्तुत लेखात आम्ही या अंगाचा विचार करणार आहोत.

‘काउंटर-स्ट्राइक’ हे याचे उत्तम उदाहरण. १९९९ साली मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी ‘हाफ-लाइफ’ या खेळात फेरबदल करून तो तयार केला आणि २००० साली व्हॉल्व्ह कंपनीने तो बाजारात आणला. त्या काळी आपल्या शहरांतील सायबर कॅफेंमध्ये मुले शेजारी-शेजारी बसून तो खेळत. ज्याला शिवी द्यायची तो हाताच्या अंतरावर असे. त्यामुळे जिभेला आपोआप लगाम बसे. पुढे इंटरनेटचा वेग वाढला आणि घराघरांतून अनोळखी माणसांचे संघ जमू लागले. सोबती आता चेहरा नसलेला, केवळ आवाज उरलेला माणूस झाला.

या खेळाची रचना पाहण्यासारखी आहे. पाच विरुद्ध पाच असा सामना. २०२३ साली आलेल्या आवृत्तीत जो संघ आधी तेरा फेऱ्या जिंकेल तो विजयी. प्रत्येक फेरीपूर्वी मिळालेल्या पैशांतून शस्त्रे घ्यायची असतात. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याला सोबती आपल्या पैशांतून बंदूक घेऊन देतो. कधी पाचही जणांना मिळून काटकसर करावी लागते. एकानेच उधळपट्टी केली तर पुढील फेरीत त्याची झळ सर्वांना लागते. फेरीत बाद झालेला खेळाडू पुढील फेरीपर्यंत परतत नाही. तथापि शत्रू कोठे दडला आहे हे तो उरलेल्यांना सांगू शकतो. एकच सोबती उरला असेल तर बाकीच्यांनी गप्प राहून त्याला पावलांचा कानोसा घेऊ द्यावा, असाही संकेत आहे. देणे, राखणे, सांगणे आणि योग्य वेळी मौन पाळणे या चार गोष्टींवाचून केवळ अचूक नेम असलेला खेळाडू संघाला तारू शकत नाही.

सुटीत घरी आलेला मुलगा जेवणाची हाक ऐकूनही उठत नाही, ही तक्रार पालकसभेत आम्ही वारंवार ऐकतो. त्यामागील एक कारण येथे सापडते. असा सामना मध्येच थांबवता येत नाही. एक जण उठला की उरलेल्या चौघांना पाचांशी लढावे लागते आणि सोडून जाणाऱ्यावर काही काळ बंदी येते. म्हणून ऐन सामन्यात रागावण्यापेक्षा, जेवणापूर्वी नवा सामना सुरू करायचा नाही, असा नियम घरात ठरवणे अधिक फलदायी ठरते.

आता दुसरी बाजू. ‘हेलो ३’ या खेळावर अमेरिकेतील संशोधकांनी केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी ध्वनिमुद्रित केलेली साधी, निरुपद्रवी वाक्ये एकदा पुरुषाच्या व एकदा स्त्रीच्या आवाजात ऐकवली. स्त्रीच्या आवाजाला पुरुषाच्या आवाजापेक्षा तिप्पट नकारात्मक शेरे मिळाले. २०१५ सालच्या पुढील अभ्यासात असे दिसले की, स्त्री-आवाजाशी अधिक वैराने वागणारे पुरुष खेळाडू कमी कौशल्याचे होते. पुरुष-आवाजापुढे मात्र हेच खेळाडू नमते घेत. आपले स्थान डळमळू लागले की माणूस आपल्याहून खालचा कोणी शोधू लागतो, हे इतिहासाच्या अभ्यासकाला नवे नाही. परिणामी अनेक मुली माइक बंद ठेवून खेळतात. ज्या खेळात बोलणे हेच बळ, तेथे त्यांना मुके राहावे लागते.

ही स्थिती अटळ आहे काय? ‘ओव्हरवॉच’ या खेळाचा अनुभव वेगळे सांगतो. २०१७ साली त्याचे प्रमुख जेफ कॅप्लन यांनी जाहीरपणे सांगितले की, दुर्वर्तनी खेळाडूंना आवरण्यात इतकी शक्ती खर्च होते की नव्या निर्मितीचा वेग मंदावतो. २०१८ साली तेथे नवी पद्धत आली : सामना संपल्यावर चांगल्या वागणुकीच्या सोबत्याला पसंती द्यायची आणि तिची पातळी त्याच्या नावाशेजारी सर्वांना दिसायची. वैर सर्वस्वी संपले नाही. परंतु सौजन्य तेथे मोजण्यास व मिरवण्यास योग्य ठरले. केवळ उपदेशाने जे होत नाही, त्याला नियमांची जोड लागते.

पालकांना आमची विनंती आहे की, “किती जणांना मारलेस?” याऐवजी “कोणाबरोबर खेळलास? हरल्यावर काय बोललात?” हे विचारावे. आणि आजही खेळणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना सांगावेसे वाटते : संघातील नवख्याचा किंवा मुलीचा अपमान होत असेल, तेव्हा आपला माइक चालू असू द्या. वसतिगृहात एका पंगतीत बसून आपण जे शिकलो, ते तेथेही लागू आहे.